मेज आणि अंतःकरण

लिहिण्याचे मेज नीटनेटके असावे, दौत-टाक जागच्या जागी आणि दप्तर रुमालात बांधलेले असावे, हा आग्रह चित्तशुद्धीचे साधन मानावा की बाह्य उपाधीची आसक्ती, या प्रश्नापाशी आम्हां वऱ्हाडकरांना अमरावती जिल्ह्यातील माधानच्या गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) स्मरण अपरिहार्य होते. कारण तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या आणि अवघे ३४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाने १०० हून अधिक ग्रंथ सांगून लिहविले. त्यांची सारी मांडणी अंतःकरणातच सिद्ध होती. परंतु ते शब्द टिपणाऱ्या लेखनिकाला कोरा कागद हाताशी हवाच होता; आणि अकोल्यासारख्या कापसाच्या पेठेत हिशेबाच्या कागदांतच दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्या प्रापंचिकांनी तर गाडगेबाबांचा खराटा आधी आपल्या मेजावरच फिरवावा, असे मला मनापासून वाटते.