एकादशीचा हरिपाठ

दोन बायका वेगवेगळ्या गावांत बसून फोनवर हरिपाठ म्हणतात. एकीचा शब्द दुसरीच्या कानावर किंचित मागून पडतो. याला एकत्र म्हणणं म्हणायचं का? प्रश्न आमच्या सासूबाईंचा. मी इंटर कॉलेजात संस्कृत शिकवते, तेव्हा उत्तर माझ्याकडे असणारच, असं त्या धरून चालतात.

लखनौच्या चौकात गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला, आलेली विटा-खानापूरकडची मंडळी आहेत. आमचं घर त्यातलंच. सासूबाईंची धाकटी बहीण विट्याला असते. एकादशीला दोघींनी फोनवरून हरिपाठ म्हणायचा, हा नेम. मोबाइल सासूबाईंना नको. रिसीव्हर कानाला लागला की त्यांना बोलल्यासारखं वाटतं. तांब्याची लाइन सारखी खरखरायला लागली तेव्हा आम्ही फायबर घेतलं. घरात कॉम्प्युटर नाही, आणि तो लागलाही नाही. फायबरच्या पेटीला मागे फोनची खाच असते, तिच्यात जुन्याच फोनची पिन बसवायची. रिसीव्हर उचलला तर डायल टोन आला (पूर्वी तो एक्स्चेंजमधून यायचा, आता घरातली पेटीच तो काढते), पण बटणं दाबून नंबर लागेना. फोन पालथा केला. पोटाशी एक बारका खटका 'पी'वर, म्हणजे पल्सवर, होता. नखाने तो 'टी'वर, म्हणजे टोनवर, सरकवला आणि विट्याची घंटी वाजली. जुनी लाइन एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालायची, वीज गेली तरी फोन चालू असायचा. आता पेटी इन्व्हर्टरवर घेतली आहे.

बोलणं छान होतं. हरिपाठ मात्र जुळेना. पेटी आवाजाची सेकंदाला ८००० मोजमापं घेते, साधारण २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा करते आणि असे ५० तुकडे दर सेकंदाला रवाना करते. वाटेत एखादा मागे पडतो, म्हणून पलीकडे काही तुकडे अडवून धरून मग क्रमाने सोडतात. एखादा हरवलाच तर आधीच्या आवाजाने ती फट बुजवतात. गप्पांना एवढा उशीर जाणवत नाही, पण सुरात सूर मिसळायचा तर जाणवतो. ही म्हणते, ती मागे पडलीय. तीही तेच म्हणते. मग दोघी एकमेकींसाठी थांबतात आणि अभंगाची चाल संथ होत जाते. फोन ठेवून सासूबाईंनी विचारलं, "आम्ही मागं-पुढं म्हणतो गं आता. चालंल का देवाला?"

मीमांसादर्शनाच्या पंडितांचं, म्हणजे मीमांसकांचं, उत्तर तयार आहे. त्यांच्या मते शब्द नित्य आहे; आपण तो निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. एकच शब्द एकाच वेळी अनेक ठिकाणी कसा ऐकू येतो, या आक्षेपाला मीमांसासूत्रं रचणाऱ्या जैमिनींनी सूर्याचा दाखला दिला आहे. सूर्य एकच, तो जागोजागच्या लोकांना एकदम दिसतो. त्या न्यायाने विट्याचा हरी आणि लखनौचा हरी एकच. मागचा-पुढचा असतो तो केवळ ध्वनी. न्यायदर्शनवाले नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्यासाठी शब्द उपजतो आणि विरतो. एका ध्वनीतून दुसरा, त्यातून तिसरा, पाण्यावरच्या लाटांसारखा कानापर्यंत पोचतो. म्हणजे विट्याहून निघालेला शब्द लखनौला येतच नाही, इथे येतो तो त्याचा वंशज.

मला आयुष्यभर मीमांसकांचं म्हणणं पटत आलं आहे. पण इथे ते अपुरं पडतं, असं मी ठामपणे म्हणते. नित्य शब्दच पुरेसा असता, तर ध्वनिमुद्रित हरिपाठ लावून भागलं असतं. तो घरात आहे, उत्तम गळ्यातला आहे, आणि एकादशीला सासूबाई त्याला हात लावत नाहीत. त्यांना बहिणीचा विरून जाणारा ध्वनीच हवा असतो. तिचा मध्येच लागणारा श्वास हवा असतो आणि चौथ्या अभंगाला हमखास येणारा ठसकाही. मुद्रित गळा कुणासाठी थांबत नाही. या दोघी थांबतात, आणि माझ्या मते त्यांचं एकत्र म्हणणं त्या थांबण्यात आहे. फोनमधल्या उशिरामुळे ते ऐकू यायला लागलं, एवढंच.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते आमचं झालं. देवाचं काय?" यावर मीमांसकांकडे जाऊन उपयोग नाही. कर्माचं फळ मिळायला त्यांना ऐकणारा ईश्वर लागतच नाही. ईश्वर सिद्ध करायला झटले ते नैयायिक. उदयनाचार्यांनी त्यासाठी 'न्यायकुसुमांजली' लिहिली. सर्वज्ञ ईश्वर मानला तर त्याला ऐकण्यासाठी आकाशातून लाटा यायची वाट पाहावी लागत नाही, आणि कुणाचं आधी, कुणाचं नंतर, हा भेद त्याच्यापाशी उरत नाही. सासूबाईंना हे चाललं. आता त्या एक चरण म्हणतात आणि पुढचा बहिणीला म्हणू देतात. तसं म्हणायचं धाकटीनेच सुचवलं.