बाळाची फाईल लिहिताना

बदलापूर (पूर्व)

चि. ताईस,


उल्हासनगरच्या नव्या कामात तुझ्याकडे कुमारी मातांच्या फायली येणार, असं तुझी आई म्हणाली. त्याच कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. आईचा जबाब तिच्याच शब्दांत लिही. ‘स्वखुशीने मूल सोडले’ एवढी एक ओळ लिहून फाईल बंद करू नकोस.

त्या ओळीचं पुढे काय होतं, ते बघ. स्वित्झर्लंडच्या झुरिच आणि थुर्गाऊ प्रांतांनी 1973 ते 2002 या काळात भारतातून दत्तक नेलेल्या मुलांचे कागद अभ्यासकांकडून तपासून घेतले. त्या देशात आपली दोन हजारांवर मुलं गेली होती. तपासलेल्या फायलींत आईच्या संमतीचा कागद कुठेच मिळाला नाही. ती मुलं आता विशी ते पन्नाशीची आहेत. जन्मदात्रीचा शोध घेत ती इकडे येतात तेव्हा त्यांच्या हाती काय पडतं? तुझ्या-माझ्यासारख्या कुणीतरी घाईत भरलेला एक रकाना. आपल्याकडेही 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रीत मंदिर संस्थेतल्या दत्तक व्यवहारांची चौकशी सीबीआयकडे दिली, तेव्हा मुलं सोडण्याची पत्रं आयांकडून कशी घेतली गेली हाही वादाचा मुद्दा होता.

चौकशी झाली तरी आईचे शब्द हरवू शकतात. आयर्लंडच्या चौकशी आयोगाने कुमारी माता आणि त्यांच्या बाळांना ठेवणाऱ्या, 1922 ते 1998 या काळातल्या अठरा संस्था तपासल्या. तिथे सुमारे नऊ हजार बालकं दगावली होती. जानेवारी 2021 मध्ये अहवाल आला, पंतप्रधानांनी माफी मागितली. तरी त्या संस्थांत राहिलेल्या कितीतरी बायका दुखावल्या, कारण आपण सांगितलेलं त्यात जसंच्या तसं उतरलं नाही असं त्यांना वाटलं. त्यांच्या कथनाची ध्वनिमुद्रणंही पुसली गेली होती. आरडाओरड झाल्यावर ती बॅकअपमधून परत मिळवावी लागली. आयुष्यभर गप्प बसवलेल्या बाईचे शब्द चौकशी करणाऱ्यांच्याच हातून गळावेत, याचा मला अजून संताप येतो.

महात्मा फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, तेव्हा गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुशीवर, असं विधवांना जाहीर सांगितलं होतं. निर्णय त्या बाईचा होता. दीडशे वर्षांनंतर आपण त्याहून मागे जाता कामा नये.

तुझ्याकडे येणारी मुलगी अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी असेल, नाहीतर बदलापूरच्या एखाद्या बांधकामावरची. सोबत आई, भाऊ, कधी मुकादम. त्यांना बाहेर बसव. तिला मराठी नीट येत नसेल तर सिंधी, भोजपुरी, तेलुगू, जी तिची भाषा असेल ती जाणणारी बाई बोलाव आणि लिहिलेलं तिला वाचून दाखव, मगच अंगठा घे. बरोबर कोण आलं होतं, खर्च कोणी केला, कोणी पैसे देऊ केले का, हेही लिही. 2023 मध्ये उल्हासनगरातच नर्सिंग होममधून बाळ विकण्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला होता, हे विसरू नकोस. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवणं आलंच. ते तिला आधीच सांग. तिला फसवल्यासारखं वाटू नये.

बाळाला तिने काही नावाने हाक मारली असेल तर ते नाव लिही. पुढे मुलाने शोध घेतला तर चालेल का, हे विचार. ‘नाही’ म्हणाली तर तेही तसंच लिही आणि फाईल कुलपात ठेव. तिचं लग्न होईल, संसार होईल, आणि ते गुपित तिचं आहे. मुलाचा हक्क मोठा खरा, पण तो आईला उघडं पाडून मिळवायचा नाही, असं माझं पक्कं मत आहे.

बालकल्याण समितीपुढे बाळाचं समर्पण झाल्यावर फेरविचाराला कायद्याने दोन महिने दिले आहेत. बहुतेक मुलींना ते कोणी समजावून सांगत नाही. तू कागदावर शेवटची तारीख लिहून तिच्या हातात दे. या मुलींची खोली बदलते, सिमकार्ड बदलतं, म्हणून तिच्या विश्वासातल्या एखाद्या मैत्रिणीचा नंबर, तिला विचारूनच, घेऊन ठेव. आणि मुदत संपायच्या आत एकदा तिला गाठ. बाळ परत हवं म्हणाली, तर त्याच दिवशी समितीकडे अर्ज करून दे.

तुझी,
मावशी