रिता रकाना

नोंद ठेवणें आणि सत्य सांभाळणें या दोन गोष्टी एकच आहेत काय? हा प्रश्न वरवर पाहतां यंत्रशास्त्राचा वाटतो. आमच्या मतें तो नीतिशास्त्राचाहि आहे.

एडगर कॉड या इंग्लंडांत जन्मलेल्या गणितज्ञानें, आय. बी. एम. कंपनीच्या नोकरींत असतांना, १९७० सालीं संबंधाधिष्ठित माहितीकोशाची कल्पना एका निबंधांत मांडली. आज बँका, रुग्णालयें व विद्यापीठें यांचे पुष्कळसे व्यवहार तिच्यावर चालतात. तिचें स्वरूप साधें आहे. विद्यार्थ्यांचा तक्ता निराळा, गुणांचा निराळा. प्रत्येक विद्यार्थ्यास एक अनन्य क्रमांक द्यावयाचा आणि गुणांच्या तक्त्यांत नांवगांव पुन्हा न लिहितां तेवढा क्रमांक लिहावयाचा. त्याच दुव्यानें तक्ते जोडले जातात. विद्यार्थ्यानें बिऱ्हाड बदललें तर पत्ता एकाच जागीं दुरुस्त करावा लागतो. एकच गोष्ट पांच ठिकाणीं लिहिली कीं आज ना उद्यां तिच्या पांच गोष्टी होतात, हें दप्तराचा अनुभव असणाऱ्यास सांगावयास नको.

परंतु आम्हांस विशेष विचारणीय वाटतो तो रिता रकाना. गुण शून्य असणें वेगळें आणि गुण ठाऊक नसणें वेगळें. या अज्ञानासाठीं माहितीकोशांत शून्याहून भिन्न अशी खूण असते. आणि १९७९ सालच्या निबंधांत कॉडनें 'होय' व 'नाहीं' यांच्या जोडीस 'अज्ञात' हें तिसरें उत्तरहि मान्य केलें.

आमच्या एका विद्यार्थ्याचे एका विषयाचे गुण वेळेवर आले नव्हते. रकाना रिता दिसूं नये म्हणून कोणीं तरी तेथें शून्य भरलें. यंत्रानें तें इमानेंइतबारें बेरजेंत धरलें व मुलगा नापास ठरला. चूक पुढें दुरुस्त झाली. तोंवर शिष्यवृत्तीची मुदत टळली होती.

मग रकाना रिताच ठेवला असता तर न्याय झाला असता काय? तेवढ्यानेंहि नव्हे. ३५ हून कमी गुणांचे विद्यार्थी मागा, त्या यादींत तो नाहीं. ३५ वा अधिक गुणांचे मागा, त्या यादींतहि नाहीं. 'ज्यांचे गुण अज्ञात आहेत ते कोण?' असा तिसरा प्रश्न कोणी मुद्दाम विचारील तेव्हांच तो सांपडावयाचा.

खोटें शून्य न लिहिणें हें नोंद ठेवणाऱ्याचें पहिलें कर्तव्य खरें. पण तेथेंच थांबणारा प्रामाणिकपणा अर्धा होय. तो तिसरा प्रश्न यंत्र आपण होऊन विचारीत नाहीं. तो आपणांसच विचारावा लागतो.