सल्ला नको, साक्ष हवी

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाचे अर्ज भरण्याची घाई सुरू झाली, की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक ठरलेला विषय निघतो. आपल्या धर्मग्रामातील जी मुले-मुली पुण्यात किंवा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करतात, त्यांना विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील गाठतात. प्रश्नही ठरलेला असतो : "कॉम्प्युटरला अजून स्कोप आहे का?" उत्तर दोन मिनिटांत दिले जाते. त्या दोन मिनिटांवर कुणाच्या तरी आयुष्याची चार वर्षे आणि घरातले काही लाख रुपये लागणार असतात. म्हणून हा प्रश्न करिअरचा आहे तसा नीतीचाही आहे. एखाद्याने आपल्या आयुष्याविषयी आम्हाला सल्ला विचारला, तर आम्ही त्याचे नेमके काय देणे लागतो?

एक उदाहरण डोळ्यांसमोर आणू. मळवली स्टेशनवर उतरून लेण्यांच्या वाटेला लागले, की भाजे गाव येते. समजा, तिथल्या एका मुलीने बारावी सायन्स केले आहे, सीईटी दिली आहे. वडिलांची थोडी भातशेती आहे. पावसाळ्यात धबधब्यावर शनिवार-रविवारची गर्दी लोटते, तेव्हा आई मक्याची कणसे आणि भजी विकते. मुलगी आपल्या धर्मग्रामातली असेलच असे नाही. पण तिच्या ओळखीचा एकुलता एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आपल्या चर्चमध्ये येतो. ती त्याला विचारते, "दादा, मी कॉम्प्युटर घेऊ का? की आता एआय आल्यावर त्यात काही राहिलं नाही?" शेजारी उभी असलेली आई म्हणते, "तुम्ही सांगाल तसं करू. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

शहरातल्या सुखवस्तू घरचा मुलगा हाच प्रश्न विचारतो, तेव्हा त्याचा मामा एका कंपनीत मॅनेजर असतो, मावसबहीण परदेशात असते, शेजारचे काका प्राध्यापक असतात. त्याला दहा उत्तरे मिळतात. त्यातले एक चुकले तरी बाकीची नऊ सांभाळून घेतात. भाजेच्या मुलीला मात्र एकच उत्तर मिळणार आहे, आणि ते ती घरी जाऊन वडिलांना शब्दशः सांगणार आहे. ज्याला विचारायला दुसरे कोणी नाही, त्याच्यासाठी आपल्या तोंडचे एक वाक्य फार जड असते. आपण ते हलक्या हाताने टाकतो, कारण त्याचे वजन आपल्याला जाणवत नाही.

अशा वेळी सांगणाऱ्यापुढे तीन मोह उभे राहतात. पहिला मोह स्वतःचाच रस्ता हा एकमेव रस्ता म्हणून दाखवण्याचा. "मी असे केले, तूही तसेच कर." ज्या वर्षी आपण पास झालो त्या वर्षी कंपन्या भरभरून माणसे घेत होत्या, हे आपण विसरतो. कष्ट आठवतात, नशीब आठवत नाही. दुसरा मोह घराण्याची पत सांभाळण्याचा. रात्री उशिरापर्यंत चालणारे परदेशी क्लायंटचे कॉल, बेंचवर काढलेले महिने, कामावरून कमी केलेले सहकारी, यांतले काही बोलायचे नाही. फक्त पॅकेज सांगायचे. तिसरा मोह अधिक सभ्य दिसतो, म्हणून अधिक घातक आहे. "आता या लाइनमध्ये काही राहिले नाही," असे म्हणून दार लावून घेण्याचा. आपण पूल ओलांडून पलीकडे आलो, तिथला पगार घेत आहोत, आपल्या मुलांसाठी फ्लॅट घेतला आहे, आणि मागून येणाऱ्याला मात्र पूल धोक्याचा आहे म्हणून सांगत आहोत. ते कदाचित खरेही असेल. पण पूल किती खचला आहे, कोणती फळी मोडली आहे आणि आपण स्वतः तो का सोडत नाही, हे न सांगता दिलेला इशारा अर्धवट सत्य आहे.

मग खरे उत्तर कोणते? बाजाराचा अंदाज सांगणे, असे बहुतेकांना वाटते. थोडा मागचा इतिहास पाहू. १९९९ साली विचारले असते तर कोणीही म्हणाले असते, "डोळे मिटून जा." २००० साल उजाडताना जुन्या संगणकांतील तारखांचा घोटाळा दुरुस्त करायचा होता, आणि त्या कामासाठी कोबोल येणारी भारतीय माणसे जगभर हवी होती. २००१ साली मंदी आली आणि तोच सल्लागार गप्प झाला. पुढे पुन्हा तेजी आली. २००८ साली अमेरिकेतील बँका कोसळल्या आणि तीही ओसरली. २०२१ साली, कोरोनाच्या काळात, कंपन्यांनी प्रचंड भरती केली. पुढच्या एक-दोन वर्षांत हातात ऑफर लेटर असलेली मुले रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत घरी बसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. शिक्षण चार वर्षांचे आणि बाजाराचा रंग दोन-तीन वर्षांत बदलणारा. प्रवेशाच्या दिवशी सांगितलेला अंदाज पदवीच्या दिवशी खरा ठरेलच, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

यातून आम्हाला असे वाटते, की विचारणाऱ्याला भविष्यवाणी द्यायची नसते, साक्ष द्यायची असते. साक्ष हा शब्द आपल्या श्रद्धेत मोठा आहे, न्यायालयातही मोठा आहे. साक्षीदार काय होईल ते सांगत नाही. जे पाहिले, जे हातून गेले, ते सांगतो. जे पाहिले नाही, ते पाहिले नाही म्हणतो. आपल्या फायद्याचे तेवढे सांगून बाकीचे झाकले, तर ती खोटी साक्ष होते, आणि तिच्याविषयीची आज्ञा आपण लहानपणापासून पाठ केलेली आहे.

त्या मुलीला इंजिनिअर दादाने काय सांगावे? त्याचा दिवस कसा जातो, हे सांगावे. नवा कोड लिहिण्यात दिवसाचा थोडाच भाग जातो. उरलेला वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, बग शोधण्यात, टेस्टिंगमध्ये, मीटिंगमध्ये आणि समोरच्याला नेमके काय हवे आहे हे समजून घेण्यात जातो. एक स्वल्पविराम चुकल्याने आपण अर्धा दिवस कसा घालवला, आणि चूक सापडल्यावर काय आनंद झाला, हे सांगावे. हे ऐकून तिचे डोळे चमकले की ती कंटाळली, याची तिलाच खूण पटेल. पैशाचेही खरे सांगावे : मोठ्या सेवा कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या मुलाचे पॅकेज गेली दहा-पंधरा वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळत आले आहे, आणि त्यातून खोलीचे भाडे व मेसचे पैसे जातात. एआयविषयीही खरे सांगावे : जे सोपे काम करून नवी मुले पूर्वी हात बसवत, ते आता यंत्र पुष्कळसे करून देते, म्हणून पहिली नोकरी मिळणे अवघड झाले आहे, आणि पाच वर्षांनी काय होईल ते दादालाही माहीत नाही. "मला माहीत नाही" हे चार शब्दांचे नसले तरी फार मोलाचे वाक्य आहे, आणि मोठ्या पदावरच्या माणसाच्या तोंडून ते क्वचितच ऐकू येते.

बाजार बदलत असेल, तर टिकते काय? याचे एक उत्तर भाजे गावाच्या डोक्यावरच आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या तिथल्या चैत्यगृहात गेलात तर खांबांकडे नीट पाहा. ते सरळ उभे नाहीत, किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत कलते ठेवावे लागतात. अखंड कातळात कोरलेल्या खांबांना तशी काही गरज नव्हती. पण कारागिरांचा हात लाकडावर बसलेला होता. वर छताला तर खऱ्या लाकडी फासळ्याच आहेत. लाकूडकामाची पिढ्यान्‌पिढ्यांची समज घेऊन ती माणसे दगडाकडे वळली. काही जुन्या सवयी त्यांनी विनाकारण बरोबर आणल्या, हे खरे. पण माप, प्रमाण आणि आधी आत कसे दिसेल ते मनात पाहून मग छिन्नी लावण्याची शिस्त, हेही त्यांनी बरोबर आणले, आणि त्यावरच लेणे उभे राहिले.

संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे. कोबोल गेले, सी आली, मग जावा, मग पायथन. आता साध्या बोलीत सांगितले तरी यंत्र कोड लिहून देते. माध्यम बदलते. मोठा प्रश्न लहान लहान तुकड्यांत मांडता येणे, चूक कुठे आहे ते शांतपणे शोधणे, दुसऱ्याला समजेल असे लिहिणे, यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे पारखणे, ही हाताची आणि मनाची ठेव माध्यम बदलले तरी बरोबर येते. ज्याने चार वर्षांत फक्त एक भाषा पाठ केली, त्याची अडचण होते. "कोणती भाषा शिकू?" यापेक्षा "काय शिकले म्हणजे भाषा बदलली तरी चालेल?" हे विचारायला तिला शिकवावे.

भाजेच्या समोर, रेल्वेच्या पलीकडे, कार्ल्याचे लेणे आहे. तिथल्या शिलालेखांत दानशूर व्यापाऱ्यांच्या नावांबरोबर धेनुकाकट गावच्या एका सुताराचेही नाव आहे. दोन हजार वर्षांनंतर आपण ते वाचतो. आपल्याला हे नवल वाटू नये. ज्या घरात प्रभू येशू वाढला, ते सुताराचेच घर होते; आणि १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून दिला, तो श्रमाचा मान राखण्यासाठीच. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव का घेतले ते सांगताना लिओ तेरावे यांच्या १८९१ सालच्या कामगारविषयक परिपत्रकाची आठवण काढली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे नवी आव्हाने उभी असल्याचे म्हटले. तेव्हा भाजेच्या मुलीचा प्रश्न थेट रोमपर्यंत पोहोचलेला आहे.

साक्षीत आणखी एक गोष्ट यावी, जी बहुधा वगळली जाते : हे काम कुणाच्या उपयोगी पडते? मावळातला शेतकरी आज सातबारा मोबाइलवर पाहतो. तो कोड कुणीतरी लिहिला आहे, आणि तो निष्काळजीपणे लिहिला तर एखाद्याच्या बांधाचा तंटा उभा राहील. दुसरीकडे, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या कंपन्या गलेलठ्ठ पगार देत होत्या. त्या खेळांत कित्येक घरे बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ बंद केले, तेव्हा तिथल्या इंजिनिअरांच्या नोकऱ्याही अडचणीत आल्या. पगार किती, हे विचारलेच पाहिजे. गरिबाच्या घरात तो प्रश्न पापाचा नाही. पण पगार कशाचा, हेही त्याच दमात विचारावे.

इथे कोणी म्हणेल, "हे सगळे ठीक, पण त्या मुलीला हो किंवा नाही हवे आहे. 'तुझे तू ठरव' म्हणणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे काय?" हा आक्षेप योग्य आहे. साक्ष देऊन पाठ फिरवली, तर ती निव्वळ माहिती झाली. म्हणून दादाने आपले मतही सांगावे, मात्र ते मत म्हणून सांगावे : "तुझ्या जागी मी असतो तर घेतले असते, पण एवढ्या अटींवर." त्या अटी मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला लाख रुपये भरायचे नाहीत. त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायचा नाही. मावळात विकलेली जमीन पुन्हा हाती येत नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटेलवरचे धडे फुकट पाहता येतात, ते आधी दोन महिने करून पाहायचे. गोडी लागली तर पुढे जायचे. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. आपण त्यात बसतो का, हे तपासायचे. आणि शेवटी आईला सांगावे, "मावशी, ठरवायचं तुम्ही आणि तिनं. पण पहिल्या सेमिस्टरला ती अडली, तर मला फोन करू दे." निर्णयाचे ओझे आपल्या खांद्यावर घ्यायचे नाही, पण सोबत नाकारायची नाही.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. "स्कोप आहे का?" हा प्रश्न घेऊन गेलात तर तुम्हाला अंदाज मिळेल. त्याऐवजी विचारा : तुमचा कालचा दिवस कसा गेला? या कामात तुम्हाला कशाचा कंटाळा येतो? तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी कोण हे काम सोडून गेले आणि का? तुमच्या बहिणीला तुम्ही काय सांगितले असते? आणि एकाच माणसाला विचारून थांबू नका. ज्याला नोकरी मिळाली त्याला विचारा, जिची गेली तिलाही विचारा.

आपल्या धर्मग्रामात या क्षेत्रात काम करणारे तरुण आता थोडे नाहीत. प्रवेशाच्या दिवसांत एखाद्या रविवारी त्यांनी मिस्सानंतर तासभर थांबावे, हॉलमध्ये बसावे, आणि जो येईल त्याला, मग तो कोणत्याही गावचा आणि कोणत्याही धर्माचा असो, खरे ते सांगावे, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी फार तयारी लागत नाही. आपण जे रोज करतो ते न वाढवता आणि न झाकता सांगायचे, एवढेच.