निष्ठेची वेळ

नेत्याशी एकनिष्ठ राहणे हा सद्गुण, आणि संकटात त्याची साथ सोडणे हा विश्वासघात, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु निष्ठा नेमकी कोणाशी? व्यक्तीशी, पक्षाशी, की ज्या जनतेची सेवा करण्यासाठी पक्ष सत्तेवर आला, तिच्याशी? या प्रश्नाचा विचार करताना ब्रिटनमधील १९९० सालच्या नोव्हेंबर महिन्याचे स्मरण होते.

मार्गारेट थॅचर तेव्हा अकरा वर्षे पंतप्रधानपदी होत्या. हुजूर पक्षाला त्यांनी तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकून दिल्या होत्या. मात्र धनिक आणि सामान्य माणूस यांच्यावर जवळजवळ सारखाच भार टाकणाऱ्या डोईपट्टीमुळे लोक संतप्त झाले होते. युरोपविषयक धोरणावरून मंत्रिमंडळातही दुफळी माजली होती. १ नोव्हेंबर रोजी उपपंतप्रधान सर जेफ्री हाऊ यांनी राजीनामा दिला. १३ तारखेला कॉमन्स सभागृहात बोलताना त्यांनी एक कबुली दिली. पंतप्रधानांवरील निष्ठा आणि राष्ट्रहितावरील निष्ठा या दोहोंच्या ओढाताणीत आपण कदाचित फार काळ झगडत राहिलो, असा तिचा आशय होता.

२० नोव्हेंबरला पक्षाच्या खासदारांनी मतदान केले. थॅचर यांना २०४ आणि मायकेल हेसेल्टाइन यांना १५२ मते मिळाली. बहुमत मिळूनही पहिल्याच फेरीत विजयी होण्यासाठी आवश्यक असलेली आघाडी चार मतांनी हुकली. दुसऱ्या दिवशी मंत्री एकामागून एक त्यांना भेटले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते : मी आपल्याच बाजूचा आहे, परंतु आपण जिंकू शकणार नाही. २२ तारखेला थॅचर यांनी माघार जाहीर केली. पुढे त्यांनी या प्रसंगाला हसऱ्या चेहऱ्याचा विश्वासघात म्हटले.

हा खरोखर विश्वासघात होता काय? नवे पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारने डोईपट्टी रद्द केली, आणि १९९२ ची निवडणूकही पक्षाने जिंकली. तेव्हा परिणाम पाहता मंत्र्यांना दोष देणे कठीण आहे. शिवाय लोकशाहीत कोणतेही पद कोणाला आंदण दिलेले नसते. नेत्याला पायउतार व्हा असे सांगणे, यात स्वतःहून काहीच पाप नाही.

दोष असलाच तर तो त्या संध्याकाळचा नव्हे, तिच्या आधीच्या वर्षांचा आहे. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी १९८५ मध्येच डोईपट्टीला लेखी विरोध केला होता. तेव्हा त्यांच्या पाठीशी किती जण उभे राहिले? नेता बलवान असताना जे मौन पाळतात आणि तो दुबळा झाल्यावर ज्यांना कंठ फुटतो, त्यांचे बोलणे खरे असूनही ते सत्यासाठी बोललेले नसते. मतांची मोजणी झाल्यावर सुचलेल्या विवेकाला हिशेब म्हणणेच योग्य. नाथान संदेष्टा दावीद राजासमोर उभा राहिला, तेव्हा राजाचे सिंहासन डळमळीत झाले नव्हते. आणि नाथानाला स्वतःला त्यावर बसावयाचे नव्हते.

पण या मौनाला नेताही जबाबदार असतो. विरोधाचा शब्द ज्याला अपमान वाटतो, त्याच्याभोवती होकार देणारेच उरतात, आणि अखेरच्या दिवशी खरे सांगणारा मित्र त्याला सापडत नाही.

वाचकहो, हा प्रश्न केवळ लंडनच्या मंत्र्यांचा नाही. आपल्या संस्थांत, मंडळांत, कुटुंबांतही वडीलधारे चुकताना आपण पाहतो आणि आदराच्या नावाखाली गप्प बसतो. ज्याच्याशी आपण एकनिष्ठ आहोत, त्याला त्याच्या सामर्थ्याच्या काळात, एकांतात आणि नम्रतेने खरे सांगणे, हीच निष्ठेची वेळ होय. ती वेळ दवडली, तर पुढे आपण गप्प राहिलो काय अन् बोललो काय, दोन्हींत थोडी प्रतारणा उरतेच.