सायलेन्सरची निवड आणि गृहस्थाची अणुव्रते

कारचा सायलेन्सर किंवा त्याच्या अलीकडचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला की मालकापुढे तीन प्रकारचा माल येतो: कंपनीचा भाग, दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला पर्यायी भाग आणि कंपनीच्या नावाखाली खपवला जाणारा डुप्लिकेट. किमतींत अंतर मोठे असल्याने हा प्रश्न पैशांचाच समजला जातो. पण हे भाग नीट काम करत नसले तरी गाडी पुष्कळदा धावत राहते. धूर आणि आवाज सोसतो तो मागचा दुचाकीस्वार आणि रस्त्याकडेचा भाजीवाला. म्हणून हा प्रश्न मुळात आचारधर्माचा आहे, आणि जैन परंपरेने गृहस्थासाठी सांगितलेल्या अणुव्रतांत त्याच्या विचाराला नेमकी साधने सापडतात.

दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय व्रतांना वाहिलेला आहे. त्यात अचौर्याचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारी वर्तने, दिली आहेत. चोरून आणलेला माल घेणे हा त्यांपैकी एक, तर नकली वस्तूंचा व्यवहार, म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हा दुसरा. पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी ही टीका त्याचा अर्थ लावताना कृत्रिम सोन्याचा दाखला देते आणि दोष वंचनेत पाहते. हा बारकावा मोलाचा आहे. दुसऱ्यासारखी वस्तू घडवणे हा दोष नव्हे, ती दुसऱ्याची म्हणून गळ्यात मारणे हा दोष. स्वतःचे नाव आणि हमी घेऊन आलेला पर्यायी सायलेन्सर त्यामुळे प्रतिरूपक ठरत नाही. वाहन कंपन्याही हे भाग बहुधा पुरवठादारांकडूनच बनवून घेतात. चोरीच्या मालाचा अतिचारही इथे दूरचा नाही. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमपायी उभ्या गाड्यांखालून ते कापून नेण्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. कुठून आला हे सांगता न येणारा जुना कन्व्हर्टर स्वस्त मिळतो म्हणून घेणारा या दोषाचा वाटेकरी होतो.

विक्रेता खरे बोलला एवढ्याने मात्र भागत नाही, कारण पुढे अहिंसेचा प्रश्न उभा राहतो. तत्त्वार्थसूत्र हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घालते. गाडी चालवणे ही गृहस्थाच्या नित्य व्यवहारात ओघाने येणारी, आरंभी हिंसा मानता येईल. ती पूर्ण टळत नाही, पण सावधपणे कमी करता येते. कन्व्हर्टर नेमके हेच करतो. त्याच्या बारीक जाळीवरचा मौल्यवान धातूंचा थर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन यांत करतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये हे धातू कमी असतील, तर तो बाहेरून अगदी तसाच दिसूनही लवकर थकतो. अमेरिकेतल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 1986 च्या धोरणात पर्यायी कन्व्हर्टरकडून 25,000 मैलांची अपेक्षा होती. मूळ कन्व्हर्टरला तिथे पुढे 8 वर्षे किंवा 80,000 मैलांची हमी लागू झाली. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या वायुसंसाधन मंडळाची मान्यता असलेलाच पर्यायी कन्व्हर्टर विकता येतो.

भारतात बहुतेक मालक पीयूसी प्रमाणपत्रावर समाधान मानतात. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. प्रमाणपत्र हाती असूनही प्रमाद शिल्लक राहू शकतो, तो असा. म्हणून कन्व्हर्टरच्या बाबतीत कंपनीचा भाग, किंवा त्या गाडीच्या उत्सर्जन मानकासाठी तपासलेला पर्यायी भाग, यांखाली उतरू नये. मागच्या सायलेन्सरच्या डब्याचे तसे नाही. त्याचे काम मुख्यतः आवाज दाबण्याचे. पत्रा आणि जोड चांगले असलेला पर्यायी डबा पुरतो. जुन्या गाडीला केवळ शिक्क्यासाठी महागडा डबा लावावा, असे अपरिग्रहाचे व्रतही सांगत नाही.

आवाज घुमावा म्हणून आतल्या जाळ्या काढून मोकळा पाइप बसवणे ही गोष्ट वेगळीच. तिला जैन आचारात अनर्थदंड म्हणतात: ज्यातून कुणाची गरज भागत नाही अशी हिंसा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार वाहनाला सायलेन्सर बंधनकारक आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये ध्वनी व वायुप्रदूषणाचे मानक मोडल्याबद्दल शिक्षा आहे. अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादानही येते, म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. त्यामुळे असा पाइप विकणारा दुकानदार आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तो वेल्ड करून देणारा मेकॅनिकही या दोषातून सुटत नाहीत.