हुकमामागचं कारण

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. हाताखालच्या माणसांशी कसं बोलावं, हे ज्याला शिकायचं आहे त्याने ते सावकाश वाचावं.

छावणीत घोडी होती आणि त्यांच्यासाठी दाणा-वैरणीचा साठा होता. ‘तो जपून वापरा’ एवढा हुकूम पुरला असता. महाराज तिथे थांबत नाहीत. आताच मनमानी केलीत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुमचे लोक कुणब्याचा दाणा, गवत, लाकूडफाटा उचलू लागतील. कुणबी गाव सोडतील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल, अशी एकातून एक निघणारी साखळी ते उलगडून दाखवतात. आगीचंही तसंच. रात्री दिवा जळत ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल.

ज्याचा शब्द मोडण्याची कुणाची छाती नव्हती, त्याने कारणं का सांगावीत? कारण लिहिणारा छावणीत हजर नसतो. रात्री प्रत्येक खोपटात डोकावायला कुणी नसतं. हुकूम आधी सुचलेल्या प्रसंगापुरता असतो. कारण मात्र न सुचलेल्या प्रसंगातही सोबत करतं. उंदराची वात ज्याच्या मनात राहिली, तो शिपाई पत्रात नसलेल्या ठिणगीकडेही लक्ष देईल.

आजचं उदाहरण नाशिककडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधलं घेऊ. ‘क्रेट उन्हात ठेवायचे नाहीत,’ असं सुपरवायझर सांगतो. तेवढंच ऐकलेला मजूर ट्रॅक्टर वाटेत बंद पडला की पुढच्या सूचनेची वाट पाहत बसेल. पण घड उन्हात तापला की देठातलं पाणी उडतं, देठ तपकिरी पडतो आणि परदेशातला ग्राहक माल नाकारू शकतो, हे ज्याला ठाऊक आहे, तो फोन न करता क्रेट झाडाच्या सावलीत नेईल.

कारण सांगायचं तर ते आधी स्वतःला माहीत हवं. ‘वरून आलंय’ म्हणणाऱ्या मॅनेजरने वर विचारलेलं नसतं. शिवाय सांगितलेलं कारण तपासता येतं. ‘मग तोडणी पहाटेच सुरू करू या,’ असं मजूर म्हणू शकतो, आणि तिथून संवाद दोन्ही बाजूंनी वाहू लागतो. नुसत्या हुकमाला एवढंच उत्तर असतं: ‘हो साहेब.’

संकटाच्या क्षणी आधी हुकूम, मग कारण, हे रास्तच. कधी कारण उघड करता येत नाही. तेव्हा ‘आत्ता सांगता येत नाही’ असं स्पष्ट म्हणावं. ओव्हरटाइम बंद होण्याचं किंवा बदलीचं खोटं कारण मात्र कधीही देऊ नये. ते उघडं पडलं की पुढची खरी कारणंही कुणी मानत नाही.

म्हणून उद्याची सूचना लावण्यापूर्वी तिच्याखाली ‘कारण’ हा शब्द लिहावा आणि वाक्य पूर्ण करून पाहावं. ते पूर्ण होत नसेल, तर सूचना अजून तयार झालेली नाही.